लेझर मंद केला की ‘एका वेळी एकच फोटॉन’ मिळतो का? दोन फटींच्या प्रयोगाबद्दल तीन शंका

तिरपी_काच

मांडणी अशी आहे. लाल डायोड लेझर, ६५० नॅनोमीटर, १ मिलिवॅट. समोर फटींची तयार जोडी: प्रत्येक फट ०.०४ मिलिमीटर रुंद, एकीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत ०.२५ मिलिमीटर. पडदा १ मीटरवर. पट्टे स्वच्छ येतात. दोन उजळ पट्ट्यांमधलं अंतर २.६ मिलिमीटर भरतं आणि हिशेबही तेच सांगतो (तरंगलांबी गुणिले पडद्याचं अंतर, भागिले फटींमधलं अंतर).

पुढची पायरी म्हणून काळे फिल्टर घालून प्रकाश इतका मंद करायचा आहे की फटींपासून पडद्यापर्यंतच्या बंद नळीत एका वेळी एकच फोटॉन असेल. मग ठिपक्याला ठिपका जोडून पट्टे कसे उमटतात ते दाखवायचं. अडलंय ते इथे:

१. फिल्टर नेमके किती लागतील आणि कुठे बसवायचे?

२. इतक्या मंद प्रकाशातही पट्टे आले तर ‘प्रकाश कणांचा असतो हे सिद्ध झालं’ असं म्हणता येईल का?

३. फोटॉन एकच असेल तर व्यतिकरण (तरंग एकमेकांत मिसळून पट्टे होणं) कुणाचं कुणाशी? ‘तो दोन्ही फटींतून जातो’ हे वाक्य सगळीकडे सापडतं, पण त्यावरून काही मोजता येत नाही. कुणी आकडे घालून सांगाल का?

---

मोजपट्टी

पहिल्या शंकेपुरतं लिहितो.

६५० नॅनोमीटरच्या एका फोटॉनची ऊर्जा १२४० भागिले ६५०, म्हणजे १.९१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजेच सुमारे ३.०६ × १०^-१९ जूल. १ मिलिवॅटमध्ये सेकंदाला ३.३ × १०^१५ फोटॉन झाले. लेझरचा झोत साधारण २ मिलिमीटर व्यासाचा धरला तर तुमच्या दोन फटी त्यातला जेमतेम ५ टक्के प्रकाश पुढे सोडतात; बाकीचा फटींच्या काळ्या भागावरच अडतो. म्हणजे फटींपलीकडे १.६ × १०^१४.

१ मीटर नळी पार करायला प्रकाशाला ३.३ नॅनोसेकंद लागतात. ओडी ८ (ओडी म्हणजे फिल्टरच्या गडदपणाचं माप, दर एककाला प्रकाश दहापट कमी) इतके फिल्टर लावले (३ + ३ + २) की फटींपलीकडे सेकंदाला १६ लाख फोटॉन उरतात आणि कोणत्याही क्षणी नळीत सरासरी ०.००५ फोटॉन असतो. म्हणजे नळी बहुतेक वेळ रिकामीच.

फिल्टर फटींच्या आधी लावा. नंतर लावले तर काचेवरची धूळ आणि ओरखडे पट्ट्यांचा आकारच बिघडवतात. दोन फिल्टर एकमेकांना अगदी समांतर ठेवू नका, नाहीतर त्यांच्यात उलटसुलट परावर्तन होऊन फिकट जोडपट्टे दिसतात. प्रत्येक फिल्टर तीन-चार अंशांनी वेगवेगळ्या दिशेला कलता ठेवला की ते बाजूला फेकले जातात.

फिल्टरवर छापलेला ओडीचा आकडा बहुधा ५५० नॅनोमीटरच्या आसपासचा असतो. लाल प्रकाशाला तोच फिल्टर बराच जास्त पारदर्शक निघू शकतो, त्यामुळे प्रत्येक फिल्टर तुमच्याच लेझरवर, पूर्ण प्रकाशात, फोटोडायोडने एकेकटा मोजा आणि गुणाकार करा. तिन्ही एकत्र लावून मोजायला गेलात तर फोटोडायोडला स्वतःच्या गोंगाटाशिवाय काही दिसणार नाही.

आणि मंद करण्यासाठी लेझरचा विद्युतप्रवाह कमी करू नका. प्रवाह ठरावीक उंबरठ्याखाली गेला की डायोड लेझर राहत नाही, साध्या एलईडीसारखा वागतो. रंग पसरतो, झोताची शिस्त जाते, पट्टे पुसट होतात आणि दोष फोटॉनला दिला जातो.

आता कॅमेऱ्याबद्दल. साध्या कॅमेऱ्याच्या सेन्सरमध्ये प्रत्येक चित्रबिंदू वाचतानाच दोन-तीन इलेक्ट्रॉनचा गोंगाट होतो आणि एक फोटॉन फार तर एक इलेक्ट्रॉन देतो. त्यामुळे एकेक ठिपका त्यात बुडून जातो. लांब एक्स्पोजर दिलं तर पट्टे येतील, पण ठिपके साठताना दिसणार नाहीत. त्यासाठी प्रतिमा-वर्धक नळी किंवा ईएमसीसीडी कॅमेरा (वाचण्याआधीच इलेक्ट्रॉनचा संकेत वाढवणारा) हवा.

स्वस्तातला मार्ग फोटोमल्टिप्लायरचा (एकेक फोटॉन मोजू शकणारी नळी). त्याच्या तोंडाशी ०.२ मिलिमीटरची फट बसवा आणि ती मायक्रोमीटर स्क्रूने ०.२ मिलिमीटरच्या टप्प्यांनी सरकवा. एका पट्ट्यात १३ बिंदू मिळतात. लाल प्रकाशाला त्याची कार्यक्षमता कमी, बऱ्याच नळ्यांची १० टक्क्यांच्याही आत, म्हणून उजळ पट्ट्यावर सेकंदाला एक-दोन हजार मोजण्या धरून चला. दर बिंदूला १० सेकंद दिलेत तर सुमारे २०,००० मोजण्या होतात आणि त्यांतली अनिश्चितता वर्गमुळाइतकी, म्हणजे १४०. चित्र काढायला तेवढं पुरे.

खरा शत्रू बाहेरचा प्रकाश. नळी आतून काळी करा, सांध्यांवर काळं फेल्ट लावा. पार्श्वभूमी दोनदा मोजायची: एकदा लेझर बंद करून आणि एकदा लेझर चालू, पण फटी झाकून. पहिल्या मोजणीतून बाहेरून झिरपलेला प्रकाश आणि फोटोमल्टिप्लायरच्या स्वतःच्या अंधारमोजण्या (प्रकाश नसतानाही होणाऱ्या) कळतात. दुसरीत जी वाढ दिसेल तो लेझरचाच विखुरलेला प्रकाश. फोटोमल्टिप्लायरवर विद्युतदाब चढवून खोलीतला दिवा लावलात तर तो कायमचा बिघडू शकतो, तेव्हा उघडण्याआधी विद्युतदाब शून्यावर आणा.

---

शलाका_०७

दुसऱ्या शंकेचं उत्तर स्पष्ट ‘नाही’ असं आहे, आणि या विषयात सर्वांत जास्त चुकीचं इथेच सांगितलं जातं.

मंद लेझर म्हणजे एकेक फोटॉनचा उगम नव्हे. लेझरमधून फोटॉन केव्हा निघेल हे यादृच्छिक असतं, पॉयसाँच्या नियमाप्रमाणे. नळीत सरासरी ०.००५ फोटॉन असला तरी ज्या वेळी नळी रिकामी नसते, त्यांतल्या दर चारशे वेळांत एकदा तिच्यात दोन किंवा अधिक असतात. आणखी मंद केलंत की हे प्रमाण घटतं, पण स्वभाव बदलत नाही. पावसाची रिपरिप कितीही कमी झाली तरी दोन थेंब लागोपाठ पडायचे थांबत नाहीत, तसंच.

मंद प्रकाशात पट्टे टिकतात हे १९०९ मध्येच दिसलं होतं. जी. आय. टेलर यांनी गॅसच्या ज्योतीचा प्रकाश काजळी धरलेल्या काचांनी मंद करून सुईच्या सावलीतले पट्टे फोटोपट्टीवर घेतले. सर्वांत लांब एक्स्पोजर सुमारे २००० तासांचं, म्हणजे जवळजवळ तीन महिन्यांचं होतं. पट्टे तितकेच स्पष्ट आले. यातून कळतं ते एवढंच की व्यतिकरणासाठी फोटॉनांची गर्दी लागत नाही. तरंगवादी माणूसही ते सहज मान्य करेल: तरंग मंद झाला, बस. ठिपक्यांबद्दल तो म्हणेल की प्रकाश सलग आहे, टिकटिक करतो तो तुमचा डिटेक्टर, कारण डिटेक्टरमधले अणू आणि इलेक्ट्रॉन सुटे-सुटे आहेत.

हाच आक्षेप प्रकाशविद्युत परिणामालाही (प्रकाश पडल्यावर धातूतून इलेक्ट्रॉन निघणं) लागू होतो. आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये दिलेलं स्पष्टीकरण बरोबर आहे, मिलिकन यांच्या मोजमापांनी १९१६ पर्यंत त्यांचं समीकरण खरं ठरलं, १९२१ चं नोबेलही त्यासाठीच. तरीही अणूला क्वांटम आणि प्रकाशाला साधा तरंग मानून उंबरठा-वारंवारता आणि वारंवारतेबरोबर वाढणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेची सरळ रेषा दोन्ही काढता येतात, हे नंतर दाखवलं गेलं. म्हणून पाठ्यपुस्तकात जो पुरावा पहिला येतो तो सर्वांत भक्कम पुरावा नव्हे.

भक्कम पुरावा वेगळ्या जातीचा आहे. प्रकाश बीम स्प्लिटरवर (अर्धा प्रकाश पुढे सोडणारा, अर्धा वळवणारा आरसा) टाका, दोन्ही वाटांना एकेक डिटेक्टर ठेवा आणि दोन्ही एकाच वेळी किती वेळा टिकटिकतात ते मोजा. तरंग दुभागला जातो, तेव्हा दोन्ही डिटेक्टरना निदान योगायोगाइतक्या जोडटिकटिका मिळायलाच हव्यात. त्याहून कमी कधीच नाही. फोटॉन मात्र अर्धा होत नाही. तो एक तर इकडे, नाहीतर तिकडे.

आकड्यांत बघा. दोन्ही डिटेक्टर सेकंदाला २०,००० मोजत असतील आणि ‘एकाच वेळी’ची खिडकी ५ नॅनोसेकंदांची असेल, तर निव्वळ योगायोगाने सेकंदाला २०,००० × २०,००० × ५ × १०^-९ = २ जोडटिकटिका व्हायला हव्यात. मंद लेझर लावा, २ च येतात. गुणोत्तर १. औष्णिक दिव्याचा प्रकाश पुरेसा एकरंगी करून लावलात तर २ पेक्षा जास्त येतात; असे फोटॉन घोळक्याने येतात (हॅनबरी ब्राउन आणि ट्विस, १९५६). सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये फोटॉन मोजण्याची जी रीत दिली, तिच्यातून हा घोळक्याचा स्वभाव आपोआप निघतो. खऱ्या एकेकट्या फोटॉनला मात्र गुणोत्तर शून्याकडे जातं.

ग्रांजिए, रोजे आणि आस्पे यांनी १९८६ मध्ये नेमकं हेच केलं. कॅल्शियमचा उत्तेजित अणू खाली येताना पाठोपाठ दोन फोटॉन सोडतो, एक ५५१ आणि दुसरा ४२३ नॅनोमीटरचा. पहिल्याने वर्दी द्यायची, दुसरा बीम स्प्लिटरवर पाठवायचा. गुणोत्तर ०.१८ पर्यंत खाली आलं. मग त्याच फोटॉनसाठी दोन वाटा पुन्हा जुळवल्या, तर ९८ टक्क्यांहून जास्त दृश्यतेचे (उजळ-अंधारातल्या फरकाचं माप) पट्टे आले. एकच उगम, तेच फोटॉन: वाटा वेगळ्या ठेवल्या तर न दुभागणारे, जुळवल्या तर व्यतिकरण करणारे. कण आणि तरंग हे दोन्ही शब्द इथे एकत्र वापरायला लागतात, तुमच्या नळीत नाही.

आज हे महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही होतं. ४०५ नॅनोमीटरचा लेझर बीबीओ स्फटिकावर टाकला की क्वचित एखाद्या फोटॉनचे ८१० नॅनोमीटरचे दोन होतात. एक वर्दीला, एक प्रयोगाला. तेव्हा गुणोत्तर असं काढा: (तिन्ही एकत्र × वर्दीच्या मोजण्या) भागिले (वर्दी व पहिला × वर्दी व दुसरा). वर्दीच्या सेकंदाला १,००,००० आणि दोन्ही जोड्यांच्या ४,०००-४,००० मोजण्या असतील तर तरंगाच्या हिशेबाने निदान १६० तिहेरी यायला हव्यात. नीट जमलेल्या मांडणीत त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या येतात.

यात फसायच्या दोन जागा. एक, केबलची लांबी: १ मीटर केबल म्हणजे जवळपास ५ नॅनोसेकंदांचा उशीर. खिडक्या एकमेकींवर पडल्याच नाहीत तर तिहेरी मोजण्या शून्य येतील आणि तो शून्य खोटा असेल. म्हणून आधी प्रत्येक जोडीचा वेळ-आलेख काढून शिखर खिडकीच्या मधोमध आणा. दुसरी, सिलिकॉनचे अॅव्हलांच डिटेक्टर टिकटिकताना स्वतः बारीक चमकतात. ती चमक शेजारच्या डिटेक्टरला दिसली तर खोट्या जोडटिकटिका वाढतात. समोर अरुंद रंगाचा फिल्टर लावला की हे आटोक्यात येतं.

---

अर्धा_आरसा

तिसरी शंका. ‘कुणाचं कुणाशी’ याचं उत्तर: वाटेचं वाटेशी. फोटॉनचं फोटॉनशी नव्हे. प्रत्येक वाटेला एक आकडा जोडलेला असतो, त्याला संभाव्यता-आयाम म्हणू या. त्याला लांबी असते आणि दिशाही, घड्याळाच्या काट्यासारखी. फोटॉन एखाद्या जागी सापडण्याची शक्यता काढायची तर आधी दोन्ही वाटांचे काटे जोडायचे आणि मग जी लांबी येईल तिचा वर्ग करायचा. वर्ग आधी करून मग बेरीज केली की पट्टे नाहीसे होतात. शक्यता वर्गातून काढायची हा नियम माक्स बोर्न यांचा, १९२६ चा.

तुमच्याच पडद्यावर करून बघा. मधल्या उजळ जागी फक्त डावी फट उघडी असताना सेकंदाला १०० मोजण्या येतात असं धरा. फक्त उजवी उघडी, तरी १००. दोन्ही उघड्या ठेवल्या की २०० नाही, ४०० येतात. कारण काट्यांची लांबी १० आणि १०. दिशा एक असेल तर २०, वर्ग ४००. तिथून १.३ मिलिमीटर सरकलात की दिशा उलट, बेरीज शून्य, मोजण्याही शून्य. एक फट उघडी असताना तिथे जवळपास १०० येत होत्या. दुसरी फट *उघडल्याने* त्या थांबल्या. सुट्या गोळ्यांच्या कोणत्याही चित्रात हे बसत नाही. सगळ्या पडद्याची सरासरी काढली तर २०० च भरते, म्हणजे प्रकाश कुठून आणलेला नाही की हरवलेला नाही, त्याची वाटणी बदलली.

आता उजवी फट थोडी झाकून तिच्या एकटीच्या मोजण्या २५ वर आणा. काटे १० आणि ५. उजळ जागी १५ चा वर्ग २२५, अंधाऱ्या जागी ५ चा वर्ग २५. दृश्यता = (२२५ − २५) भागिले (२२५ + २५) = ०.८. प्रयोगात अंधारे पट्टे पूर्ण काळे येत नसतील तर आधी हे तपासा: लेझर दोन्ही फटींवर सारखा पडतोय का? झोत बाजूला सरकला की दोन्ही फटींवरचा प्रकाश असमान होतो.

यातच आणखी एक गोष्ट लपली आहे. १०० आणि २५ असतील तर ‘फोटॉन डावीकडून आला’ असं म्हणण्यात तुम्ही ८० टक्के वेळा बरोबर याल. वाटेबद्दलच्या या अंदाजाचं माप (१०० − २५) भागिले १२५ = ०.६ असं घेतात. ०.६ चा वर्ग अधिक ०.८ चा वर्ग बरोबर १. हा योगायोग नव्हे. वाटेची माहिती आणि पट्ट्यांची दृश्यता यांच्या वर्गांची बेरीज १ च्या वर जाऊ शकत नाही, हा सिद्ध झालेला नियम आहे. म्हणून ‘एक तर कण, नाहीतर तरंग’ ही मांडणी मला अपुरी वाटते. मधल्या सगळ्या पायऱ्या उपलब्ध आहेत आणि त्या एका पट्टीवर मोजता येतात.

---

तिरपी_काच

१००-१००-४०० वरून तिसरी शंका सुटली. शलाका, मग ठिपक्यांच्या प्रात्यक्षिकाला ‘मंद प्रकाशातलं व्यतिकरण’ असंच नाव देते, ‘एकेक फोटॉन’ म्हणणार नाही.

पुढचे दोन प्रश्न. हाच हिशेब इलेक्ट्रॉनला जसाच्या तसा लागू पडतो का? आणि वाटेची खूण ठेवून पट्टे पुसण्याचा प्रयोग साध्या साहित्यात होतो का?

---

निर्वात_नळी

इलेक्ट्रॉनला काट्यांचा नियम तोच. बदलते ती तरंगलांबी काढायची रीत, आणि तिथेच पहिली चूक होते. १२४० भागिले ऊर्जा हे सूत्र फक्त प्रकाशाचं. इलेक्ट्रॉनला द ब्रॉय यांचं १९२४ चं सूत्र: प्लांकचा स्थिरांक भागिले संवेग. इलेक्ट्रॉनला वेग देणारा विद्युतदाब व्होल्टमध्ये असेल तर तरंगलांबी = १.२२६ भागिले व्होल्टचं वर्गमूळ, उत्तर नॅनोमीटरमध्ये. १०० व्होल्टला ०.१२२६ नॅनोमीटर. प्रकाशाचं सूत्र लावलंत तर १२.४ येईल, शंभरपट चूक.

हे सूत्र कमी विद्युतदाबापुरतं. १०० किलोव्होल्टला ते ०.००३८८ देतं, सापेक्षतेची दुरुस्ती केल्यावर खरं उत्तर ०.००३७० नॅनोमीटर. दहा-वीस किलोव्होल्टच्या वर दुरुस्ती केल्याशिवाय आकडे जुळवायला बसू नका.

पहिला थेट पुरावा १९२७ चा, डेव्हिसन आणि जर्मर यांचा. ५४ व्होल्टचे इलेक्ट्रॉन निकेलच्या स्फटिकावर टाकले, ५० अंशांवर ठळक शिखर आलं. पृष्ठभागावरच्या अणूंच्या रांगांमधलं अंतर ०.२१५ नॅनोमीटर; त्याला ५० अंशांच्या साइनने गुणलं की ०.१६५. द ब्रॉय यांच्या सूत्राने ०.१६७. याच्या मुळाशी एक अपघात आहे. १९२५ मध्ये प्रयोग चालू असताना नळीत हवा शिरून निकेलवर ऑक्साइड चढलं. ते घालवायला धातू खूप तापवला, तेव्हा बारीक-बारीक कणांचे मोजके मोठे स्फटिक झाले आणि आधी न दिसणारी शिखरं उगवली. बारीक स्फटिकांत प्रत्येकाचं शिखर वेगळ्या दिशेला जातं आणि सगळं सपाट होऊन बसतं.

दोन फटींसारखा प्रयोग इलेक्ट्रॉनवर १९६१ मध्ये योन्सन यांनी खऱ्या फटींनी केला. ठिपक्याठिपक्याने पट्टे साठताना पाहायचे असतील तर तोनोमुरा आणि सहकाऱ्यांचा १९८९ चा प्रयोग बघा. त्यात फटी नाहीत. अतिशय बारीक, धन विद्युतदाब दिलेल्या तारेच्या दोन्ही बाजूंनी इलेक्ट्रॉन जातो आणि दोन्ही वाटा आत वळून एकमेकींवर येतात. ५० किलोव्होल्टला इलेक्ट्रॉनचा वेग सेकंदाला सुमारे १.२४ लाख किलोमीटर. सेकंदाला हजार इलेक्ट्रॉन सोडले तर दोघांमध्ये सरासरी १२४ किलोमीटर अंतर पडतं आणि उपकरण दीड मीटरच्या आसपास. एकमेकांना ढकलून पट्टे झाले असतील ही शंका इथे संपते. पहिल्या शंभर ठिपक्यांत डोळ्यांना काहीच आकार दिसत नाही. काही हजार झाले की पट्टे वाटू लागतात, काही दहा हजारांना खात्री पटते.

हे घरच्या टेबलावर का होत नाही, त्याची कारणं ठोस आहेत. निर्वात तर हवाच. त्याहून छळतं ते चुंबकीय क्षेत्र. दोन वाटांनी वेढलेल्या जागेतून जाणारा चुंबकीय स्राव ४.१४ × १०^-१५ वेबरने बदलला की सगळे पट्टे एका पट्ट्याने सरकतात. वाटांमधलं अंतर १० मायक्रोमीटर आणि लांबी २० सेंटिमीटर धरली तर क्षेत्रफळ २ × १०^-६ चौरस मीटर, म्हणजे २ नॅनोटेस्लाला एक पट्टा. पृथ्वीचं क्षेत्र ५०,००० नॅनोटेस्लाच्या घरातलं आहे, पण ते स्थिर असल्याने पट्टे एकदाच सरकून थांबतात. विजेच्या तारांचं क्षेत्र सेकंदाला शंभर ते एकशे वीस वेळा उलटतं आणि पट्टे फासून टाकतं. म्हणून उपकरणाच्या संपूर्ण स्तंभाला म्यू-मेटलचं (चुंबकीय क्षेत्र अडवणारा मिश्रधातू) वेष्टण घालतात.

---

मोजपट्टी

निर्वात_नळी यांच्या लिखाणाला छोटी पुस्ती. ‘मग चेंडूचे पट्टे का दिसत नाहीत’ हा प्रश्न पुढे येणारच. १६० ग्रॅमचा चेंडू, वेग सेकंदाला ४० मीटर: तरंगलांबी १०^-३४ मीटर. त्यासाठी फटी कापायला वस्तूच अस्तित्वात नाही. पण मोठ्या वस्तूला तरंग नसतो असं मात्र सांगू नका. साठ कार्बन अणूंच्या रेणूवर १९९९ मध्ये व्हिएन्नात पट्टे मिळाले. वेग सेकंदाला सुमारे २२० मीटर, तरंगलांबी अडीच पिकोमीटर, म्हणजे रेणूच्या स्वतःच्या व्यासापेक्षा पावणेतीनशे पट लहान. जाळीच्या फटी १०० नॅनोमीटर अंतरावर होत्या. २०१९ पर्यंत हे २५,००० अणुभार-एककांच्या वरच्या रेणूंपर्यंत पोचलं.

---

अर्धा_आरसा

पट्टे पुसण्याचा प्रयोग साध्या साहित्यात होतो, फक्त तुमच्या फटींवर नको. दोन फटींच्या कडांमध्ये जेमतेम ०.२१ मिलिमीटर जागा आहे. त्यात पोलरायझरच्या (एकाच दिशेने कंप पावणारा, म्हणजे ध्रुवित, प्रकाश सोडणारी फिल्म) दोन तुकड्यांचा सांधा बसवणं जिकिरीचं आहे. फटींऐवजी ०.२५ मिलिमीटरची सरळ ताणलेली तार झोताच्या मधोमध उभी करा. प्रकाश तिच्या डावी-उजवीकडून जातो आणि २ मीटरवर ५.२ मिलिमीटर अंतराचे पट्टे देतो.

पोलरायझर फिल्मच्या एकाच तुकड्यातून दोन पट्ट्या कापा, एकीचा अक्ष उभा, दुसरीचा आडवा. दोन्हींच्या कडा धारदार पात्याने एका फटक्यात कापलेल्या हव्यात. कडेला कडा भिडवून सांधा तारेच्या बरोबर मागे येईल अशा चिकटवा. चिकटपट्टी झोताच्या वाटेत येऊ देऊ नका. तिच्यातून ध्रुवीकरण फिरतं आणि सगळा प्रयोग विस्कटतो.

डायोड लेझरचा प्रकाश मुळातच बराचसा एका दिशेने ध्रुवित असतो. लेझर स्वतःभोवती फिरवून ती दिशा ४५ अंशांवर आणा, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखा प्रकाश मिळेल. हे विसरलं तर एक बाजू अंधारी राहते, पट्टे जातात, आणि वाटतं की प्रयोग साधला.

आता पडद्यावर ५.२ मिलिमीटरचे पट्टे दिसणार नाहीत. डावीकडून आलेला उभा ध्रुवित, उजवीकडून आलेला आडवा. वाटेची खूण प्रकाशावरच उमटली. पण पडदा एकदम गुळगुळीत होईल अशी अपेक्षा ठेवू नका. तारेच्या प्रत्येक कडेचे स्वतःचे विवर्तन-पट्टे उरतात, अंतर असमान आणि बाहेरच्या बाजूला दाट होत जाणारे. ते व्यतिकरणाचे समजून ‘पुसले गेलेच नाहीत’ असा निष्कर्ष निघतो. खात्री करायची तर एक बाजू कागदाने झाका: जे टिकतात ते एका कडेचे, जे जातात ते दोन वाटांचे.

मग पडद्याआधी तिसरा पोलरायझर ४५ अंशांवर धरा. पट्टे परत येतात. तोच उलट ४५ अंशांवर फिरवा: पुन्हा पट्टे, पण उजळाच्या जागी अंधार आणि अंधाराच्या जागी उजळ. दोन्ही चित्रं मोजून एकावर एक ठेवली की बेरीज तीच, तिसरा पोलरायझर नसतानाची, ५.२ च्या पट्ट्यांशिवायची. हा भाग वगळून ‘माहिती पुसली म्हणून पट्टे परतले’ एवढंच सांगितलं तर ऐकणाऱ्याला वाटतं की तिसऱ्या पोलरायझरने भूतकाळ बदलला. त्याने फक्त सगळ्या फोटॉनांतून एक गट निवडला, ज्याचे पट्टे एका जागी आहेत. उरलेला गट त्याने अडवला.

शलाका यांचा मुद्दा इथेही लागू आहे: लेझरवर हे सगळं साध्या तरंगांनी समजावता येतं. वर्दी दिलेल्या एकेकट्या फोटॉनवर केलं तरी आकडे हेच येतात, आणि तेव्हा मात्र तरंगवाद पुरत नाही.

पोलरायझर शक्यतो फोटोग्राफीच्या दुकानात मिळणारे *रेषीय* घ्या. ‘वर्तुळाकार’ लिहिलेल्या फिल्टरच्या एका बाजूला आणखी एक थर असतो आणि तो उलटा लागला तर तिसऱ्या पायरीत फिल्टर फिरवूनही उजळ-अंधाराची अदलाबदल होत नाही.

---

शलाका_०७

एक सुरक्षेचं. तारेचा प्रयोग करताना गुळगुळीत धातूची तार प्रकाश बाजूंना उडवते. १ मिलिवॅटच्या लेझरला ठीक आहे, पण कुणी ‘पट्टे जास्त उजळ हवेत’ म्हणून जोरदार हिरवा लेझर आणला तर ती तिरपी चमक डोळ्यांच्या उंचीवर येते. तार काजळीने काळी करा आणि बाजूंना काळा पुठ्ठा उभा करा. हिरव्या पॉइंटरमधून डोळ्यांना न दिसणारा ८०८ आणि १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाशही बाहेर पडत असेल, तर पोलरायझर फिल्म तो अडवत नाही. डिटेक्टर तो मोजतो आणि पट्टे पुसल्यावरही मोजणी खाली येत नाही.

---

तिरपी_काच

काजळी आणि रेषीय पोलरायझर दोन्ही यादीत टाकले. आधी फिल्टर एकेक करून लाल प्रकाशावर मोजते, मग नळी बांधते. झाकलेल्या फटींची पार्श्वभूमी किती आली ते इथेच टाकेन.